शेवटचा आकडा बदलून

कोरोनात कॉलेज बंद पडलं आणि नांदेडला समाजकार्य शिकणारी वर्षाराणी उदगीरला घरी आली. क्षेत्रकार्य आता फोनवरूनच करायचं होतं. गावात एकट्या राहणाऱ्या बारा म्हाताऱ्या माणसांना रोज विचारायचं, ताप आहे का, गोळ्या आहेत का, जेवलात का.

त्यातल्या शांतम्मांचा फोन आठवडाभर सारखा बिझी लागत होता. एकटी बाई एवढं कुणाशी बोलते? वर्षाराणीला राहवेना. संचारबंदी सैल झाली तशी ती मास्क लावून थेट त्यांच्या दारात गेली.

शांतम्मा फोन कानाला लावून बसल्या होत्या. "ताप हाय का? गोळ्या हायत का? जेवलाव का?"

त्यांनी फोन ठेवला तेव्हा वर्षाराणीनं विचारलं, "आज्जी, कोण होतं?"

"काय की बाई. माझ्याच नंबरचा शेवटचा आकडा बदलून लावते. तू इचारतीस तसंच इचारते."

"लोक चिडत नाहीत?"

"चिडत्यात की! दोघांनी शिव्या दिल्या. पर इस्लापूरचा एक मास्तर हाय. बायको दवाखान्यात वारली, तोंडबी बघाया मिळालं न्हाई त्याला. त्यो रोज बोलतो."

वर्षाराणी पायरीवरच बसली. "काय बोलतो?"

"सैपाकाचं. भाकरी मोडायली म्हणं. उद्या अकराला पीठ मळून फोन करणार हाय."

दुसऱ्या दिवशी वर्षाराणी पावणेअकरालाच तिथं हजर झाली.