धक्का

तोर्गुनने सुकाणूवरून हात काढले आणि कोटाच्या खिशात कोंबले. बाहेर राहिले असते तर ते आपोआप परत गेले असते.

“आज धक्क्याला तू लाव,” ती म्हणाली.

आयविन्दने वळून पाहिले. अकरा वर्षे तो या फेरीबोटीवर तिचा उपकप्तान होता. खाडी तो रोज पार करी. शेवटचे दोनशे मीटर मात्र तोर्गुनचे.

“गुडघा बिघडलाय तुझा, की डोकं?”

“गुडघा. सोमवारी ऑपरेशन. बोट एकट्या तुझ्यावर सोडायची की नाही, हे आज लिहून द्यायचंय. नाही म्हटलं, तर सहा आठवडे ओस्लोहून कुणीतरी येईल.”

“मग इथंच उभी राहून बघ ना.”

“इथं राहिले तर बघायची नाही मी. करायला लागेन.”

ती लंगडत जिना उतरून प्रवाशांच्या उपाहारगृहात आली. तिला पाहताच योरुन तव्यावरची स्वेले उलटायची विसरली.

“अगं बाई! तू इथं, तर वर कोण?”

“आयविन्द. एक स्वेले दे. लोणी-साखर भरपूर.”

ती खिडकीकडे पाठ करून बसली. त्या जाडसर गोड धिरड्याची घडी तिच्या हातात तशीच राहिली. इंजिनाचा सूर उतरला. फार लवकर, असे वाटून तिचा पाय जिन्याकडे वळला. तिने तो टेबलाच्या खुराला अडकवून ठेवला. आजूबाजूच्या नेहमीच्या प्रवाशांनी गप्पा न थांबवता आपापले कॉफीचे कप उचलून हातात धरले. योरुनने मुरंब्याच्या बरण्यांवर पंजा ठेवला.

सगळे तसेच बसून राहिले. थोड्या वेळाने खालच्या डेकवरून मोटारींचे भोंगे ऐकू येऊ लागले.

“अडकलो वाटतं मध्येच,” म्हातारा ओसब्यर्न म्हणाला.

तोर्गुनने वळून पाहिले. खिडकीबाहेर किनाऱ्यावरचे लाल गोदाम हलत नव्हते. मोटारींसाठीची फळी केव्हाच उतरली होती आणि सर्वांत पुढे ओसब्यर्नची निळी गाडी रिकामी उभी होती.

“उतरा की. पोचलोय.”

“छे! धक्का कुठं बसला? तुझा धक्का बसला की आम्ही उठतो. वीस वर्षांचा नेम आहे.”

योरुनने चटकन तव्याकडे तोंड फिरवले. तिचे खांदे हलत होते.

तोर्गुनची नजर एकेका टेबलावरून, एकेका उचललेल्या कपावरून फिरली. मग तिने स्वेलेचा मोठा घास घेतला.

“आता सहा आठवडे,” ती भरल्या तोंडाने म्हणाली, “आपापलं उठायला शिका.”