चार सेकंदांची जागा

काचेपलीकडून दिग्दर्शकाने दोन बोटं दाखवली, तेव्हा तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"दोन सेकंद? आजवर चार होते."

"चॅनेलचं म्हणणं, तेवढ्यात पोरं उठून जातात," तो म्हणाला. "प्रश्न, दोन सेकंद, शाब्बास. झालं."

टीव्हीवर बालवाडीच्या वयाच्या मुलांना रंग, आकडे, प्राण्यांचे आवाज शिकवणाऱ्या कार्टूनमधल्या साळूबाईला, म्हणजे चष्मेवाल्या साळिंदरीला, तिचा आवाज होता. साळूबाई प्रश्न विचारायची आणि पापण्या फडफडवत गप्प बसायची. त्या रिकाम्या जागेत घरोघरची मुलं उत्तर द्यायची. नाही दिलं तरी साळूबाई शाब्बास म्हणायचीच. इतक्या मोठ्या मनाची मास्तरीण आपल्या नशिबी कुठली!

"चारच ठेवा ना. काही मुलांना वेळ लागतो."

"अशी किती मुलं?"

तिला एकच ठाऊक होतं. तिची साडेतीन वर्षांची लेक घरात कुणाशी बोलत नसे. तिला आई म्हणून हाकसुद्धा मारत नसे. उत्तर द्यायची ती फक्त साळूबाईला, तेही तिसरा सेकंद सरल्यावर. मोबाइलवर वेळ लावून तिने दहादा मोजलं होतं. पण हे इथे कोणत्या तोंडाने सांगायचं? "जगाच्या पोरांना बोलतं करते, आणि घरी दिव्याखाली अंधार," हे सासूबाईंचं वाक्य उद्या इथेही ऐकू आलं असतं. तिने मांडीवरचा हेडफोन उचलला.

"चॅनेलपुढे शहाणपण चालत नाही, बाई," ध्वनिमुद्रण करणारा कानसेन हळूच म्हणाला.

तिने हेडफोन चढवला आणि सगळे प्रश्न एका दमात म्हणून टाकले. घरी जाताना तिला स्वतःची भयंकर चीड आली.

महिन्याभराने तो भाग लागला. लेक टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती, मागे खुर्चीत नवरा. ओले हात पुसत ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"गाय कशी ओरडते?" साळूबाईने विचारलं.

लेकीचे गाल फुगले, ओठ जुळले.

"शाब्बास! अगदी बरोबर!"

मागून निघालेला हंबा त्या शाब्बासकीखाली कुठल्या कुठे गेला. लेक बावरली. बेडकाच्या वेळी तिने घाई केली, तरी उशीरच झाला. कावळ्याला नुसतंच तोंड उघडलं.

"तू बोलली नाहीस स्टुडिओत?" नवऱ्याने विचारलं.

"बोलणार होते."

त्याने नजर पुन्हा टीव्हीकडे वळवली. रागावला असता तर बरं झालं असतं.

"चिमणी कशी बोलते?... शाब्बास!"

लेक उठली. टीव्हीपाशी गेली आणि साळूबाईच्या तोंडावर तिने तळहात दाबून धरला.

"थांब," ती म्हणाली.

अगदी स्पष्ट. हा शब्द तिला कुणी विचारला नव्हता, शिकवलाही नव्हता. आपल्या मनाने बोललेला तिचा हा पहिलाच शब्द.

नवरा ताडकन उठला. "ऐकलंस? अगं, ऐकलंस का?" त्याचे डोळे भरून आले होते.

तिने ऐकलं होतं. लेकीच्या बोटांच्या फटींतून साळूबाईचं तोंड हलत होतं, आणि तिचाच आवाज हसत हसत पुढचा प्रश्न विचारत होता.