क्रीडा साहित्य : टोप, नग चार

दशरथच्या लग्नात पाहुण्यांची पोटं बिघडली, ती कोणामुळे, यावर जोगेश्वरीच्या आमच्या वस्तीत महिनाभर चर्चा चालली. शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. दशरथ वनमाला घाडीचा सख्खा पुतण्या, आणि जेवण वनमालाने स्वतः रांधलेलं. डेकोरेटरकडून भाड्याने आणलेल्या पितळी टोपांची कल्हई कधीच उडून गेलेली. आमसुलाची आमटी त्यात तीन तास राहिली आणि कळकली. दुपारनंतर सार्वजनिक संडासापुढे जी रांग लागली, तिच्यात मुंडावळ्या बांधलेला दशरथही हातात टमरेल घेऊन उभा होता.

वनमालाचा नवरा गिरणी संपात घरी बसला तेव्हापासून ती डबे करायची. चाळीस माणसं रोज तिच्या हातचं खायची. लग्नानंतर त्यातल्या सहा जणांनी डबा बंद केला.

"टोपाचा दोष, आणि नाव माझं," ती राधाला म्हणाली.

राधा ओव्हाळ पलीकडच्या गल्लीत राहायची आणि शाळेत आया म्हणून कामाला होती. लग्नाला तीही आली होती, रांगेतही होती. "माझी आजून शाळेत थट्टा चालूय," ती म्हणाली. "पण तुझा हात चुकला असं मी कुणाला म्हणू देणार न्हाई. आपल्या वस्तीचे सोताचे टोप पाहिजेत, वनमाला. तुमच्या पूजेला, आमच्या जयंतीला, सगळ्यांच्या लग्नांना."

त्याच आठवड्यात वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर नोटीस लागली : लोकोपयोगी कामांसाठी छोटी अनुदानं मिळतील, एका वस्तीला एक. दोघी तडक गेल्या. खिडकीत राजाराम नावाचा कारकून होता. माणूस चांगला, पण नियमाचा पक्का.

"टोप?" त्याने यादीवरून बोट फिरवलं. "शिक्षण, आरोग्य, क्रीडा, वृक्षारोपण. टोप कशातच बसत नाही, ताई."

"साठ माणसं आजारी पडली, ते आरोग्य न्हाई का?" राधाने विचारलं.

राजाराम विचारात पडला. "तसं लिहून आणा. बघू."

लिहायचं काम जयवंतकडे आलं. तो मित्रमंडळाचा सेक्रेटरी, आणि त्याला खरं तर कॅरम बोर्ड हवे होते. वस्तीच्या सभेत त्याने त्यासाठी जोर लावला, पण दशरथने उभं राहून एवढंच विचारलं, "तुझं लगीन व्हायचंय ना रे अजून?" जयवंत खाली बसला. मात्र अर्ज त्याने झकास लिहिला. 'पाकसिद्धीच्या बृहत् पात्रांअभावी जनतेच्या उदराची होत असलेली हेळसांड' अशी सुरुवात होती. राजारामने ते दोनदा वाचलं आणि शेजारी पेन्सिलीने 'टोप' असं लिहिलं.

अनुदानं मंजूर करणाऱ्या समितीचे अध्यक्ष नगरसेवक नंदकुमार. त्यांनी निरोप धाडला, की रविवारी समिती जागेवर येऊन गरज बघेल.

गरज दाखवायची कशी? राधाचं डोकं चाललं. "घराघरातले बारके टोप गोळा करू. वीस टोपात, वीस स्टोवर आमटी करू. कुठं कच्ची, कुठं खारट होईल. साहेबांना खाऊ घालू. समजंल त्यांना."

"माझी आमटी खारट होणार नाही," वनमाला म्हणाली.

"अगं, करायची. एखादा टोप जरा करपव ना."

"राधा, वस्तीत आधीच माझं नाव काय झालंय ठाऊक आहे ना तुला? आणि मी साहेबांना करपलेलं वाढू?"

"टोप पाहिजेत का नको?"

"पाहिजेत. पण करपवणार नाही."

रविवारी ती पहाटे चारला उठली. वीस दारांपुढे वीस स्टो पेटले आणि वनमाला पदर खोचून एकापासून दुसऱ्यापर्यंत धावत राहिली. राधानेही आपल्या काळ्या मसाल्याची एक आमटी केली, आणि कितीही ठरवलं तरी तिच्याही हातून ती बिघडली नाही. समितीचे पाच सदस्य आले, सतरंजीवर बसले. नंदकुमारसाहेबांनी आधी नारळाची आमटी भाताबरोबर खाल्ली, मग काळ्या मसाल्याची, मग वाटी तोंडाला लावून पुन्हा नारळाची. एक सदस्य तर घरी न्यायला डबा मागत होते. जाताना साहेब वनमालाला हात जोडून म्हणाले, "ताई, असं जेवण मी वर्षात जेवलो नाही."

वनमालाचे डोळे भरून आले. त्या संध्याकाळी सहापैकी चार डबे परत सुरू झाले.

गुरुवारी राजारामने पाहणीचा शेरा वाचून दाखवला. 'सध्या उपलब्ध असलेल्या भांड्यांत वस्तीचा स्वयंपाक उत्कृष्ट होतो. नवीन भांड्यांची गरज दिसून येत नाही.'

"वाट लागली," जयवंत म्हणाला.

वॉर्ड ऑफिसपासून वस्तीपर्यंत राधा वनमालाच्या दहा पावलं पुढे चालत राहिली. शेवटी वनमालाने तिला गल्लीच्या तोंडाशी गाठलं.

"शिव्या घाल, पण बोल गं."

"काय बोलू? तुझं नाव राह्यलं, टोप गेले."

वनमालाने विचारलं, "निकालाची सभा कधी आहे?"

"उद्या अकराला."

"डेकोरेटरकडचा तोच टोप आणू या."

शुक्रवारी सकाळी सातलाच वनमालाने त्या टोपात आमसुलाची आमटी करून ठेवली. अकरा वाजता दोघी दोन बाजूंनी टोप धरून वॉर्ड ऑफिसचा जिना चढल्या. शिपायाने अडवलं, तर राधा म्हणाली, "साहेबांचं जेवण हाय." रविवारची कीर्ती तिथवर पोचली होती. त्याने स्वतः दार उघडून दिलं.

आत सदस्यांचे चेहरे खुलले. टोप टेबलावर आला, राजारामने फायली बाजूला केल्या. वनमालाने झाकण काढलं. कडेला हिरवट फेस जमला होता आणि वास तांब्याच्या जुन्या पैशासारखा येत होता.

"हे काय?" नंदकुमारसाहेब मागे सरले.

"आमटी. हात माझाच, साहेब. रविवारचाच," वनमाला म्हणाली. "फक्त टोप भाड्याचा. आमच्या लग्नात हेच वाढतात. वाढू का?"

कोणी वाटी पुढे केली नाही. डबा मागणारे सदस्य खिडकीबाहेर बघू लागले.

"खाल्लं तर काय होतं?" साहेबांनी हळूच विचारलं.

"ते तुमच्या हापिसातला संडास किती लांब हाय त्यावर," राधा म्हणाली.

आधी राजाराम हसला, मग सगळेच. साहेबांनी शेरा मागवून त्यावर रेघ मारली. "मंजूर. स्टीलचे द्या."

"साहेब," राजाराम घसा साफ करून म्हणाला, "आरोग्याचं सगळं मंगळवारीच वाटून झालं. आता फक्त क्रीडामध्ये शिल्लक आहे."

सभा पुन्हा गार पडली. दोघींच्या मागोमाग येऊन दाराशी उभ्या राहिलेल्या जयवंतला क्षणभर कॅरम बोर्ड दिसले असणार. पण मग त्याने त्या दोघींकडे बघितलं. साडी खोचलेल्या, घामाघूम, दोन मजले टोप चढवून आलेल्या.

"साहेब," तो म्हणाला, "भरलेला टोप उचलणं हा खेळच आहे. जोडीचा. तुम्ही कोणी दोघं उचलून बघा."

कोणी उचलला नाही. राजारामने पेन उघडलं आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं : क्रीडा साहित्य, टोप, नग चार.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टोप आले आणि चौदा तारखेला जयंतीला चुलीवर चढले. दोन टोपांत भात, एकात राधाची आमटी, एकात वनमालाची. खेळ चालू असल्याचा पुरावा म्हणून वॉर्ड ऑफिसने फोटोवाला पाठवला होता. जयवंतने शिट्टी फुंकली, दोघींनी दोन बाजूंचे कान धरून भरलेला टोप उचलला आणि फोटोवाला ओरडला, "हसू नका, ताई, स्पर्धा आहे!" पण तोवर राधाला हसू फुटलं होतं, आणि वनमाला तिच्यावर खेकसत होती, "राधे, नीट धर गं, सांडेल!"

तीनशे माणसं जेवून उठली. दोघी सगळ्यात शेवटी ताट घेऊन बसल्या. टोपांत भात होता, आमटीचा थेंब नव्हता. वनमालाने घरून लोणचं आणलं, आणि राधा तिच्या ताटात अर्धी फोड टाकत म्हणाली, "पुढच्या वेळी जरा जास्त करू."