टिळा वरच का येतो

त्या गुरुवारी ग्वारीघाटावर फुलांच्या टोपल्यांपेक्षा टायर जास्त होते. ट्रकचे, जीपचे, स्कूटरचे. माणसं ते गडगडवत पायऱ्यांपर्यंत आणत होती आणि नावाडी नावा सोडून बघायला उभे होते. मधोमध दोन खांबांवर लोखंडी आस, आसावर एक चाक आणि चाकामागे भगव्या सदऱ्यातले पहियेवाले बाबा.

बाबा टायरला शेंदराचा टिळा लावत आणि चाक गरकन फिरवत. चाक मंदावे, थोडं मागेपुढे झुले आणि थांबे, आणि पास होणाऱ्या चाकाचा टिळा तेव्हा अगदी वर. पुन्हा फिरवलं तरी वर. दहादा फिरवलं तरी वर.

"देखो, माथा उठाया!" बाबा नदीकडे हात करून म्हणत. "जिस पहिये ने मैया के सामने माथा उठाया, वो रास्ते में धोखा नहीं देगा. पहिये में भी प्राण है, भैया, बस पहचानने वाला चाहिए."

लोकांनी हात जोडले. मी खिशात घातले, नाहीतर एखादी थोबाडीत गेली असती.

बहात्तरचा जानेवारी होता. लढाई संपून महिना झाला होता. लढाईत आमच्या लष्करी ट्रकांच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या धडधडत होत्या, आणि आता ओव्हरटाइम बंद झाला तरी आमचे हात स्वस्थ बसेनात. म्हणून आम्ही अकरा जणांनी भंगारातून एक लांब, बुटकी गाडी बांधली होती. तिला फक्त सरळ आणि सुसाट धावायचं होतं. रविवारी शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर ती ताशी एकशेवीस मैलांनी पळणार होती, आणि चालवणार होता माझ्या बहिणीचा, इंदूचा, नवरा शशिकांत.

शशिकांत कारखान्यातले नवे ट्रक चालवून बघायचा. नोव्हेंबरात अशाच एका ट्रकचा टायर फुटला आणि शेजारी बसलेला त्याचा सोबती नथ्थू जागीच गेला. शशिकांतला नुसतं खरचटलं. तेव्हापासून तो कुठल्याही गाडीत बसण्याआधी चारही चाकं दाबून बघायचा, वास घ्यायचा, पुन्हा दाबायचा. रात्री झोपही लागत नव्हती त्याला.

गाडीसाठी मी चार टायर निवडून ठेवले होते. ताजे, एकाच खेपेचे, वरचा रबराचा थर पातळ. लोकांना जाड टायर भक्कम वाटतो, पण वेगात जाड थर तापतो आणि सुटून भिरकावला जातो. हे शशिकांतला ठाऊक होतं. तरी बडा फुहारा चौकातला टायरवाला श्यामसुंदर त्याला त्या गुरुवारी बाबांकडे घेऊन आला होता. बाबांनी माझे चारही टायर फिरवले. टिळा एकदा डावीकडे थांबला, एकदा खाली, एकदा कुठेतरी मधेच.

"इनका मन भटकता है," बाबा म्हणाले.

मग श्यामसुंदरच्या दुकानातले चार आले, जाडजूड आणि चकचकीत. चारही टिळे वर.

"काहून हो शशिकांतराव," मी विचारलं, "बाबाच्या भरवशावर जीव टाकून राहिले तुम्ही?"

"नथ्थूचा टायर तर आपल्याच माणसानं पास केला होता, श्रीरंगभाऊ. कागदावर सही होती. मला कोणी तरी सांगावं ना, की हा फुटणार नाही."

शुक्रवारी संध्याकाळी मी इंदूकडे गेलो. बसलो, उठलो, चहा प्यालो, पुन्हा उठलो. इंदू मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"दादा, टिळा कोण लावतं?"

"बाबा."

"कुठं लावतात?"

मी आठवून पाहिलं. "हवा भरायच्या वालजवळ. दरवेळी तिथंच."

"अच्छा," ती म्हणाली. मग तिने अंगणात आपली सायकल उलटी केली, कडीचं कुलूप काढून पुढच्या चाकाच्या तारेत अडकवलं आणि चाक फिरवत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या मला घाटावर घेऊन चल."

शनिवारी गर्दी आणखी वाढली होती. शशिकांत पास झालेली चाकं न्यायला श्यामसुंदरबरोबर आधीच आला होता; त्यातलंच एक अजून आसावर होतं. इंदूला बघून तो कसनुसा झाला. ती सरळ पुढे गेली.

"बाबाजी, टिळा मी लावते."

"लगाओ, बेटी. यहाँ, वाल के पास."

इंदूने अंगठा शेंदरात बुडवला आणि वालच्या बरोबर समोरच्या बाजूला टेकवला.

"अरे, वहाँ नहीं. वहाँ पहिये के पैर हैं."

"गोल चीज़ में माथा कहाँ और पैर कहाँ, बाबाजी?"

नावाडी हसले. इंदूने चाक फिरवलं. ते मंदावलं, झुललं आणि थांबलं. टिळा थेट जमिनीकडे.

"औरत का हाथ लगा, दोष आ गया," बाबा घाईने म्हणाले.

"मग तुम्हीच लावा. पण याच जागी."

बाबांनी डोळे मिटले. त्यांना एकाएकी मौन आठवलं.

शशिकांत पुढे झाला. त्याने टिळा पुसला, त्याच जागी स्वतः लावला आणि चाक फिरवलं. खाली. पुन्हा फिरवलं, पुन्हा खाली. "श्रीरंगभाऊ, पट्टी द्या," तो म्हणाला. आम्ही हवा सोडली, पट्टी घालून टायर उचकटला. त्याने आत हात घातला आणि रबराच्या ठिगळाखालून शिशाचा एक तुकडा ओढून काढला. चांगला दोनशे ग्रॅमचा होता. आपले टायर खपवायला आलेला श्यामसुंदर तोवर पायऱ्या चढून निघाला होता.

"जड बाजू आपोआप खाली जाते," इंदू सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "शिसं वालच्या समोर आहे, म्हणून वाल वर येतो आणि त्याच्याजवळचा टिळाही. दादाचे टायर कुठेही थांबत होते, कारण त्यांची कुठलीच बाजू जड नाही. तेच चांगले होते. बाबांनी नेमके वाईट पास केले."

"एकशेवीसला काय झालं असतं?" शशिकांतने विचारलं.

"चाक सेकंदाला पंचवीस वेळा फिरलं असतं, आणि एवढंसं शिसं पावणेदोनशे किलोच्या जोरानं त्याला हिसडे देत राहिलं असतं."

शशिकांत पायरीवर बसला आणि रडला. नथ्थू गेल्यावर तो रडला नव्हता, ते आज रडून घेतलं. मग म्हणाला, "फुटणार नाही, एवढंच कोणी तरी सांगायला हवं होतं मला."

"तसं कोणीच सांगू शकत नाही हो. कुठवर टिकेल ते मोजता येतं, तेवढंच." मग इंदू माझ्याकडे वळली. "दादा, तुझे टायर किती वेगासाठी बनवलेत?"

मी नदीकडे बघितलं. "नव्वद मैल."

"मग एकशेवीस कुठून आलं?"

आमच्या हौसेतून आलं होतं. टायर कंपनीचा वेगमर्यादेचा कागद माझ्या खिशात होता, मी तो दोनदा वाचला होता, आणि चालून जाईल म्हणून गप्प बसलो होतो. बाबाला थोबाडीत मारायला निघालेला मीच. माझ्या टायरांत शिसं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

रविवारी गाडी माझ्याच टायरांवर ताशी ऐंशी मैलांनी पळाली. विक्रम बघायला आलेले लोक कुरकुरत घरी गेले. शशिकांत खाली उतरला, चारही टायरांवर हात ठेवून म्हणाला, "कोमट आहेत." मग त्याने इंदूकडे चहा मागितला. रात्री तो झोपला, असं तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

बाबा घाटावरून गेले. दुसऱ्या कुठल्या घाटावर, दुसरं काही फिरवत बसलेच असतील. तुम्हाला भेटले तर भांडू नका, पाया पडू नका. फक्त म्हणा, टिळा मी लावतो, माझ्या जागी. आणि घरी येऊन आपल्या खिशातला कागदही एकदा नीट वाचा.