हॅनाबाईंच्या घराचं दार

मी एक जुनं दार आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या गेटिसबर्ग गावाबाहेर एका दगडी घराला मी आहे. अक्रोडाच्या लाकडातून एका सुताराने मला घडवलं. घरच्या हॅनाबाई मला उघडत, तेव्हा समोर गव्हाची शेतं दिसत.

मग यादवी युद्धातला १८६३चा जुलै आला. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची फौज आणि उत्तरेची फौज त्याच शेतांत तीन दिवस लढली. जखमींना ठेवायला जागा उरेना. हॅनाबाईंनी मला बिजागऱ्यांतून काढून दोन पिंपांवर आडवं टाकलं. डॉक्टर माझ्यावर शस्त्रक्रिया करत, हॅनाबाई जखमींचा हात धरून बसत. कोट उत्तरेचा निळा की दक्षिणेचा करडा, हे त्या माउलीने कधी पाहिलं नाही. कित्येक पोरं माझ्यावर गेली, कित्येक वाचलीही. दक्षिणेची फौज माघारी वळली. पुढे गुलामगिरीही संपली. मी पुन्हा चौकटीत बसलं, पण रक्ताचे डाग राहिले. हॅनाबाईंनी ते मुद्दाम राहू दिले.

नंतरच्या मालकांनी माझ्याकडे फारसं पाहिलं नाही. उन्हाने मी तडकलं.

२००६ साली शंतनू आणि आसावरी हे मराठी जोडपं इथे राहायला आलं. घर विकणाऱ्यांनी त्यांना माझी हकीकत सांगितली होती. दिवाळी तोंडावर आली आणि शंतनूने लाकूड घासायचं मशीन भाड्याने आणलं.

"सगळे डाग काढ हं. लक्ष्मीपूजनाला दारावर रक्त? मला नाही चालणार," आसावरी म्हणाली.

"अगं, हिस्टॉरिक आहे यार!"

"मग म्युझियमला डोनेट कर!"

मशीन घरघरलं. मी हादरलं. त्या पोरांची माझ्याजवळ तेवढीच खूण होती.

आवाज ऐकून, दिवाळीसाठी आलेली आसावरीची शैलजा मावशी बाहेर आली. नागपूरच्या इस्पितळात नर्स म्हणून तिची हयात गेली होती.

"बंद कर रे ते!"

"मावशी, इथे माणसं मेलीत गं."

"आणि वाचलीत, ती? आमच्या लेबर रूममध्ये काय गुलाबपाणी सांडायचं? तूही तशाच खोलीत जन्मलीस, बाई!"

आसावरी हसली. तिने स्वतःच मशीनची वायर काढली. दोघींनी मला जवसाचं तेल चोळलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आसावरीने मला हळदकुंकू लावलं, अगदी डागांच्या शेजारी.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा, त्यांना तेलपाणी करा. पण एखादा डाग खरवडण्याआधी तो कुणाचा आहे, एवढं मात्र विचारा.