प्रसूती कक्षाची ओली भिंत

सकाळी आठलाच सरकारी दवाखान्यामागच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाच्या हातात बाटल्या, कुणाच्या बादल्या. एकाने तर चक्क चहाची किटली आणली होती. प्रसूती कक्षाच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून एक भगव्या वेशातले बाबा बसले होते.

"साठ वर्षं या वास्तूने तुमची दुखणी शोषली, आता औषध होऊन पाझरतेय! हिला पाडायचं? नव्या दवाखान्यासाठी दहा वर्षं घरटी कर भरायचा? रविवारी मतदानात 'नाही' म्हणा! बाटलीमागे काय ते स्वखुशीने ठेवा. शंभराच्या खाली खुशी नको."

मी त्याच कक्षात नर्स. छताचे पोपडे पडतात म्हणून आम्ही पाळणे कधीच मधे ओढले होते.

रांगेत माझी मावशी दिसली. मधुमेहामुळे तिच्या पायाची जखम भरत नव्हती. आठवडाभर ती याच पाण्याने धूत होती. मी तिला आत नेऊन पट्टी सोडली. दोन बोटं काळी पडली होती.

"अगं, कर कुठून भरणार मी?" ती पुटपुटली. "म्हटलं, जुन्यातच बरं होत असेल तर..."

तिला दाखल करून मी दवाखान्याच्या प्लंबरला गाठलं.

"ताई, त्या भिंतीच्या बरोब्बर वर पुरुष कक्षाचा संडास आहे. पाइप आतून फुटलाय. तीनदा लिहून दिलं. म्हणतात, पाडायच्या इमारतीवर खर्च कशाला? आणि नवी बांधायला पैसे नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्याने वरच्या संडासात हिरवा रंग ओतला. अर्ध्या तासात भिंतीतून हिरवं पाणी उतरलं.

"वनौषधींचा अंश उतरला!" बाबा गरजले. लोकांनी हात जोडले.

प्लंबर मात्र शांत होता. "बाबा, आता पुढचा रंग कोणता, ते आधीच सांगा."

बाबांनी डोळे मिटले. "केशरी."

"मी म्हणतो निळा. कुठून येतो ते ज्यांना बघायचंय, त्यांनी माझ्याबरोबर वर चला."

दहा-बारा जण नाकाला रुमाल लावून वर गेले. त्यांच्यादेखत त्याने संडासात निळा रंग ओतला. ते खाली आले तेव्हा भिंत निळी होऊ लागली होती. किटलीवाल्याने किटली गटारात उपडी केली. एक बाई तिथेच ओकली. बाबा कधी सटकले कळलंच नाही. खुर्ची दवाखान्याचीच होती, ती तेवढी राहिली.

रविवारी कर मंजूर झाला, अवघ्या एकसष्ट मतांनी. मावशीची दोन बोटं आदल्या दिवशीच कापावी लागली.

"खरं सांगू?" ती म्हणाली, "ते पाणी खरं असावं असं मलाच वाटत होतं. पैसे वाचत होते ना."

नवी इमारत उभी राहायला तीन वर्षं तरी लागतील. तोवर बाळं याच भिंतीआड जन्मणार आहेत. म्हणून हात जोडून एकच सांगते: आपल्या सोयीचा चमत्कार कुणी दाखवला, तर तिथेच वाकू नका, आधी जिना चढून वर काय आहे ते बघा.