ल म्हणजे काय?

मी औषधाचा एक कण बोलतोय. जरा अडखळलो तर सांभाळून घ्या, डोकं अजून गरगरतंय. माझा जन्मच भोवऱ्यातला. ताईने पॉलिमर, म्हणजे अंगात विरून जाणारं एक प्लास्टिक, आणि औषध एका द्रवात विरघळवलं, पाण्यात ओतलं आणि यंत्राने असं काही ढवळलं की आमचे लाखो थेंब झाले. मग द्रव उडून गेला आणि आम्ही टणक झालो. केसाच्या जाडीत माझ्यासारखे दोघे आरामात मावतील.

ताई म्हणजे प्रयोगशाळेतली संशोधक. तिच्या आईला रोज इंजेक्शन लागायचं; दंड निळेजांभळे झाले होते. महिनाभर पुरेल असं एकच इंजेक्शन करायचा ताईने ध्यास घेतला होता. पण प्रयोगासाठीचं औषध संपत आलं होतं, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं की ही चाचणी फसली तर काम बंद.

आता गंमत ऐका. कपाटात पॉलिमरच्या दोन बाटल्या होत्या. मोठ्या बाईंनी एकीवर ‘ल’ लिहिलेलं, दुसरीवर ‘आ’. ताईने आपलं ठरवून टाकलं, ‘ल’ म्हणजे लवकर विरघळणारं, ‘आ’ म्हणजे आरामात. विचारायचा संकोच, दुसरं काय! म्हणून सगळा भरवसा ‘आ’वाल्यांवर. मी ‘ल’वाला, नुसता तुलनेपुरता.

अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात, वेगवेगळ्या बाटल्यांत आम्हाला हलवत ठेवलं. काय मजा आली म्हणून सांगू! मी नुसता खिदळत होतो. ‘आ’वाल्यांनी मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं औषध ओकून टाकलं. ताईचा चेहरा पडला. माझं पाणी न तपासताच ती माझी बाटली ओतायला बेसिनपाशी आली. माझी पाचावर धारण बसली.

“अगं, ‘ल’ का ओततेस?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“ल म्हणजे लवकरच ना, बाई?”

“लांब. लांब साखळीचं. आणि आ म्हणजे आखूड.”

 दोघी अशा हसत सुटल्या की स्टुलावर बसावं लागलं.

माझ्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत पक्क्या गुंतलेल्या. त्या कुरतडता कुरतडता पाण्याच्या नाकी नऊ येतात. आखूडवाले बिचारे भुसभुशीत, त्यांचा काय दोष? मी रोज थोडंथोडं औषध सोडत राहिलो. दहा दिवस, वीस दिवस, मोजून तीस दिवस.

तिसाव्या दिवशी ताईने आईला फोन केला. तपासण्या अजून खूप बाकी आहेत, पण हा ‘ल’ टिकला, असं तिने एका दमात सांगितलं.

“म्हणजे महिन्यातून एकदाच ओरडायचं?” आई म्हणाली. “त्या ‘ल’ला माझी शाबासकी दे.”

ताईने खरंच माझ्या बाटलीवर हलकेच टिचकी मारली. मग कपाटातल्या दोन्ही बाटल्यांवर पूर्ण शब्द लिहिले.

तुम्हालाही माझी एवढीच विनंती आहे. शाईची काटकसर करू नका आणि शेजारी बसलेल्याला विचारायला लाजू नका. माझ्यात आता औषध उरलेलं नाही, कडा विरत चालल्यात आणि ते गोड गरगरणं आता वाढत चाललंय. येतो मी. कुणी विचारलंच, तर ल म्हणजे लाडका, असं खुशाल सांगा.